कोंबीलो आणि ब्रोसो : एस्पेरांतोत शब्द कसे घडतात

वॉर्सातल्या पाट्या रशियन भाषेत लिहिल्या जात, त्या काळातली ही गोष्ट. शाळेच्या वरच्या वर्गात शिकणाऱ्या लुडविक झामेनहोफ या मुलाला सगळ्या जगासाठी एक सोपी भाषा रचायची होती. व्याकरण कमी करण्याची वाट त्याला दिसू लागली होती, पण जाडजूड शब्दकोशांपुढे तो अडला होता. एके दिवशी त्याचं लक्ष दोन पाट्यांकडे गेलं. एक ‘श्वेयत्सार्स्काया’, म्हणजे दरवानाची खोली; दुसरी ‘कोंदितेर्स्काया’, म्हणजे मिठाईचं दुकान. अशा पाट्या तो रोजच वाचत असे, पण दोन्हींच्या शेवटी येणारं ‘स्काया’ त्याला आता पहिल्यांदाच जाणवलं. एका शब्दाला प्रत्यय लावून दुसरा शब्द मिळत असेल, तर तो दुसरा वेगळा पाठ करायचं कारणच उरत नाही. शब्दकोशाचं ओझं या विचाराने उतरलं, असं त्याने पुढे एका पत्रात सांगितलं आहे.

१८८७ साली वॉर्सात त्याचं छोटंसं पुस्तक निघालं. त्यात व्याकरणाचे १६ नियम होते आणि सुमारे ९०० मूळ शब्द होते. लेखकाचं टोपणनाव होतं डॉक्टर एस्पेरांतो. हे नावही त्याच पद्धतीने घडलेलं आहे : ‘एस्पेर’ म्हणजे आशा करणे, ‘आंत’ म्हणजे ती क्रिया करत असलेला, आणि शेवटचा ‘ओ’ नामाची खूण. आशा बाळगणारा, असा त्याचा अर्थ. पुढे लोकांनी हेच नाव भाषेला दिलं.

ही भाषा शिकू लागलेल्या माणसाला शब्द जोडायला फार लवकर येतात. प्रश्न सुरू होतात ते त्यानंतर. इथे ‘इल’ लागतो, मग तिथे का नाही? मी केलेला शब्द चालेल का? शब्दकोशात नसलेला शब्द वापरला तर चूक ठरेल का? माझ्या मते या बहुतेक प्रश्नांचं मूळ एकच आहे. शिकणारा प्रत्ययांकडे बघत असतो, आणि उत्तर असतं मूळ शब्दाच्या स्वभावात. तिथपर्यंत जाण्याआधी साध्या गोष्टी बघून घेऊ.

उच्चारांबद्दल एवढंच सांगतो : या भाषेत एका अक्षराला एकच उच्चार असतो. ‘चहा’तला च वेगळं अक्षर आणि ‘चमचा’तला च वेगळं अक्षर. मराठी माणसाला हे दोन्ही आवाज लहानपणापासून येत असतात, हा मोठाच फायदा. पुढे ‘चमचा’तला च मी ‘त्स’ असा लिहिला आहे.

शब्दाच्या शेवटी ‘ओ’ असला तर नाम, ‘आ’ असला तर विशेषण, ‘ए’ असला तर क्रियाविशेषण, ‘ई’ असला तर क्रियापदाचं मूळ रूप. ‘रापीद’ हे मूळ घ्या. रापीदो म्हणजे वेग, रापीदा म्हणजे वेगवान, रापीदे म्हणजे वेगाने, रापीदी म्हणजे घाई करणे. याला अपवाद नाही. आता प्रत्यय. ‘शाफो’ म्हणजे मेंढरू. शाफीनो म्हणजे मेंढी, वीरशाफो म्हणजे मेंढा, शाफीदो म्हणजे कोकरू, शाफारो म्हणजे कळप, शाफेयो म्हणजे मेंढरांचा वाडा, शाफीस्तो म्हणजे मेंढपाळ, आणि शाफाझो म्हणजे मेंढराचं मटण (हा झ ‘टेलिव्हिजन’मधल्या ज सारखा म्हणायचा). मराठीत कोकरू, कळप, वाडा, मटण हे शब्द एकेक करून शिकावे लागतात. इथे एक मूळ आणि मूठभर प्रत्यय पुरतात. हेच प्रत्यय घोड्याला लावा, गाईला लावा, कोंबडीला लावा, तितकीच कुटुंबं तयार होतात. आणखी एक सोय अशी की, प्रत्यय एकटाही शब्द म्हणून उभा राहू शकतो : आरो म्हणजे समूह, एयो म्हणजे जागा, ईदो म्हणजे पिल्लू किंवा वंशज, ईलो म्हणजे साधन, एब्ला म्हणजे शक्य.

या मोकळेपणाची खरी किंमत मराठीशी ताडून पाहिली की कळते. मराठीत झोपाळू, विसराळू, लाजाळू, कष्टाळू असे शब्द आहेत. एस्पेरांतोत याच कामाला ‘एम’ हा प्रत्यय आहे : दोर्मेमा, फोर्गेसेमा, होंतेमा, लाबोरेमा. पण वाचनाची ओढ असलेल्या माणसाला आपण ‘वाचाळू’ म्हणत नाही, आणि ‘वाचाळ’ म्हटलं तर अर्थ भलताच होतो. एस्पेरांतोत तो सरळ ‘लेगेमा’ असतो. हसऱ्या स्वभावाचा ‘रीदेमा’, बोलका ‘पारोलेमा’. कुठला शब्द रूढ आहे आणि कुठला नाही हे आधी विचारावं लागत नाही. अर्थ जुळला की शब्द झाला.

मग अडतं कुठे? सगळ्यात आधी ‘मालसानुलेयो’सारख्या शब्दात. तो असा उलगडतो : ‘सान’ म्हणजे निरोगी, ‘माल’ने त्याचा उलटा अर्थ होतो म्हणून ‘मालसाना’ म्हणजे आजारी, ‘उल’ म्हणजे तसा असलेला माणूस, ‘एय’ म्हणजे जागा. आजारी माणसांची जागा, म्हणजे रुग्णालय. इथे शिकणारा विचारतो की, शाळेला ‘लेर्नेयो’ म्हणतात, म्हणजे नुसती शिकण्याची जागा. मग तिथे शिकणारी माणसं शब्दात का नाहीत? याचं उत्तर रेने द सोस्यूर या स्विस गणितज्ञाने गेल्या शतकाच्या सुरुवातीलाच दिलं होतं. भाषाशास्त्रज्ञ फर्दिनां द सोस्यूर हे त्यांचे भाऊ. रेने यांचं म्हणणं असं : अर्थ पोचायला जेवढे घटक लागतात तेवढे शब्दात असावेत, आणि त्याहून एकही जास्त नसावा. ‘शिकण्याची जागा’ म्हटल्यावर शिकणारे आलेच, त्यांना वेगळं सांगायला नको. नुसती ‘आजारी जागा’ म्हटलं तर मात्र काही बोध होत नाही, म्हणून तिथे माणूस घालावा लागतो.

याच्या जोडीला रूढी असते. आपल्या घरातल्या अभ्यासाच्या कोपऱ्यालाही शब्दशः लेर्नेयो म्हणता येईल, पण ऐकणाऱ्याच्या मनात शाळाच येईल. ‘प्रेजेयो’ म्हणजे प्रार्थनेची जागा. व्यवहारात तो चर्चसाठी वापरला जातो, मशीद आणि मंदिर यांना वेगळे शब्द आहेत. आपल्याकडे धर्मशाळेत धर्म शिकवत नाहीत, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही, तसंच हे. घटक अर्थाची दिशा दाखवतात, आणि त्या दिशेला नेमकं कुठे थांबायचं हे बोलणाऱ्यांच्या सवयीने ठरतं.

आता लेखाच्या नावातली जोडी. फणीला एस्पेरांतोत ‘कोंबीलो’ म्हणतात आणि ब्रशला ‘ब्रोसो’. दोन्ही साधनं, दोन्ही केसांवरून फिरवायची. मग एकात साधन दाखवणारा ‘इल’ आहे आणि दुसऱ्यात नाही, असं का? हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक शिकणाऱ्याला पडतो, आणि अनेकजण भाषेत विसंगती आहे असं समजून पुढे जातात. तिथेच थांबून नीट पाहायला हवं.

‘कोंब’ हे मूळ क्रियेचं आहे : विंचरणे. ‘ब्रोस’ हे मूळ वस्तूचं आहे : ब्रश. दोन्हींना ‘ई’ लावला की क्रियापदं मिळतात, कोंबी म्हणजे विंचरणे आणि ब्रोसी म्हणजे ब्रशने साफ करणे. इथपर्यंत दोघं सारखीच दिसतात. ‘ओ’ लावला की फरक उघडा पडतो. कोंबो म्हणजे विंचरण्याची क्रिया, कारण मुळातच क्रिया होती. ब्रोसो म्हणजे ब्रश, कारण मुळातच वस्तू होती. म्हणून क्रियेपासून वस्तूकडे जायचं असेल तर ‘इल’ लावून कोंबीलो करावं लागतं. उलट वस्तूपासून क्रियेच्या नावाकडे जायचं असेल तर ‘आद’ लावून ब्रोसादो करावं लागतं. ‘ब्रोसीलो’ म्हणणं म्हणजे ब्रशला पुन्हा ब्रश म्हणणं.

मराठीतही या दोन वाटा आहेत, फक्त आपण त्यांच्याकडे लक्ष देत नाही. चाळणे, गाळणे, किसणे या क्रिया आधी, आणि त्यांना ‘णी’ लागून चाळणी, गाळणी, किसणी ही साधनं झाली. करवतीचं उलटं आहे. ती वस्तू आधी, ‘करवतणे’ ही क्रिया तिच्यापासून निघाली. म्हणून करवतीला कुणी ‘करवतणी’ म्हणत नाही. आणि लाटणं तर क्रियेचंही नाव आहे आणि साधनाचंही. एस्पेरांतोत करवतीची गोष्ट वेगळी : ‘सेग’ हे मूळ कापण्याच्या क्रियेचं, म्हणून करवत म्हणजे सेगीलो. कात्री तोंदीलो, कुऱ्हाड हाकीलो. हातोडा मात्र मार्तेलो, कारण ‘मार्तेल’ ही मुळातच वस्तू.

मग कुठलं मूळ कुठल्या जातीचं हे ओळखायचं कसं? अर्थ बघून दरवेळी कळत नाही, आणि हे मान्य करायला हवं. ही माहिती प्रत्येक मुळाबरोबर शिकावी लागते. झामेनहोफने १९०५ साली ‘फुंदामेंतो दे एस्पेरांतो’ हा पायाभूत ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातल्या कोशात अडीच हजारांहून अधिक मुळं असून प्रत्येकाचा अर्थ फ्रेंच, इंग्रजी, जर्मन, रशियन आणि पोलिश अशा पाच भाषांत दिलेला आहे. ‘कोंब’पुढे फ्रेंचमध्ये विंचरणे हे क्रियापद आहे, ‘ब्रोस’पुढे ब्रश हे नाम. हंगेरीचे कवी आणि डॉक्टर काल्मान कालोचाय आणि फ्रान्सचे गास्तों वारैंग्याँ यांनी पुढे जे मोठं व्याकरण लिहिलं, त्यात मुळाचा हा स्वभाव शब्दघडणीच्या मध्यभागी ठेवला. आजच्या शब्दकोशांत नोंद ‘कोंबी’ या रूपाने सुरू होते आणि तिच्या पोटात कोंबीलो येतो. ‘ब्रोसो’ची नोंद ‘ब्रोसो’पासूनच सुरू होते. नवा शब्द वहीत लिहिताना मूळ एकटं लिहू नये, नोंदीचं पहिलं रूप लिहावं. एवढी सवय लागली तर पुढच्या निम्म्या चुका होतच नाहीत.

हीच किल्ली दुसऱ्या एका कुलपाला लागते. सौंदर्य म्हणजे बेलो की बेलेत्सो? दोन्ही. ‘बेल’ हे मूळ गुणाचं, त्यामुळे नुसत्या ‘ओ’नेही सौंदर्य हा अर्थ मिळतो, आणि ‘एत्स’ लावला तर सुंदर असण्यावर थोडा जोर येतो. सुंदर वस्तू म्हणजे बेलाझो. पण ‘आमीक’ हे मूळ मित्राचं आहे. आमीको म्हणजे मित्रच, मैत्री म्हणायची असेल तर आमीकेत्सो म्हणण्यावाचून गत्यंतर नाही.

क्रियापदांच्या बाबतीत प्रश्न येतो तो ‘इग’ आणि ‘इज’ या जोडीचा. ‘इग’ म्हणजे करवणे, ‘इज’ म्हणजे होणे. मोर्ती म्हणजे मरणे, मोर्तीगी म्हणजे मारणे. सीदी म्हणजे बसलेलं असणे, सीदीजी म्हणजे खाली बसणे, सीदीगी म्हणजे दुसऱ्याला बसवणे. मराठी माणसाला हे अवघड जाऊ नये. तुटणे आणि तोडणे, फुटणे आणि फोडणे, उकळणे आणि उकळवणे हा भेद आपल्या बोलण्यात रोजचा आहे. प्रश्न एवढाच असतो की, जोडीतली कुठली बाजू मुळात आहे. रोम्पी म्हणजे तोडणे, म्हणून तुटणे म्हणजे रोम्पीजी. बोली म्हणजे उकळणे, म्हणून उकळवणे म्हणजे बोलीगी. एका जोडीत होणं प्रत्यय लावून मिळवावं लागतं, दुसरीत करणं. मराठी बोलणाऱ्याची चूक होते ती जिथे मराठीतच एका क्रियापदावर दोन्ही कामं भागतात तिथे. ‘मी दार उघडलं’ आणि ‘वाऱ्याने दार उघडलं’ यांच्यानंतर आपण ‘दार आपोआप उघडलं’ असंही म्हणतो. एस्पेरांतोत हे तिसरं वाक्य वेगळ्या रूपाने सांगावं लागतं. मालफेर्मी म्हणजे दुसऱ्याने उघडणे, मालफेर्मीजी म्हणजे आपोआप उघडणे.

‘मालफेर्मी’त शिरलेला हा ‘माल’ हा सगळ्यात जास्त तक्रारी ओढवून घेणारा घटक. बोना चांगला, मालबोना वाईट. वार्मा उष्ण, मालवार्मा थंड. युना तरुण, मालयुना म्हातारा. फेर्मी बंद करणे, मालफेर्मी उघडणे. उघडण्याला स्वतःचा शब्द का नाही, डाव्याला ‘उजव्याच्या उलट’ का म्हणायचं, असं लोक चिडून विचारतात. जोडीतलं एक मूळ निवडायचं होतं, ते निवडलं. त्यात कुठल्या बाजूचा मान किंवा अपमान नाही. फ्रेंच आणि स्पॅनिश बोलणाऱ्यांना ‘माल’ ऐकून वाईट असा अर्थ जाणवतो, पण एस्पेरांतोत त्याला वाईटपणा मुळीच नाही. मालपेझा म्हणजे हलका, मालकोव्री म्हणजे झाकण काढणे आणि त्यावरून शोध लावणे.

शिकणाऱ्याने खरा जपायचा भेद आहे ‘माल’ आणि ‘ने’ यांच्यातला. ‘ने’ म्हणजे नुसता नकार. नेआमीको म्हणजे मित्र नसलेला, रस्त्यावरचा कुणीही. मालामीको म्हणजे शत्रू. आपला ‘अ’ ही दोन्ही कामं एकटाच करतो. अशिक्षित म्हणजे शिक्षण नसलेला, पण संस्कृतातला अमित्र म्हणजे सरळ शत्रू. शिवाय ‘माल’ कशालाही लागत नाही. ज्या अर्थाला ठाम उलटी बाजू आहे त्यालाच तो लागतो, टेबलाला उलटं काही नसतं. दिवस आणि रात्र, पांढरा आणि काळा यांना स्वतंत्र मुळं आहेत.

एका प्रत्ययाला ठरलेला अर्थच नाही, तो म्हणजे ‘उम’. मूळ शब्दाशी काहीतरी नातं आहे एवढंच तो सांगतो. कोलो म्हणजे मान, कोलूमो म्हणजे कॉलर. ब्राको म्हणजे दंड-हात, ब्राकूमी म्हणजे मिठी मारणे. मालवार्मा म्हणजे थंड, मालवार्मूमो म्हणजे सर्दी. आपला ‘सर्दी’ही थंड या अर्थाच्या फारसी ‘सर्द’वरूनच आला आहे. हे शब्द पाठच करावेत, त्यांच्या वाटेने स्वतःचे नवे शब्द बनवू नयेत.

दोन मुळं जोडून होणारे समास मराठी वाचकाला शिकवावे लागत नाहीत. मुख्य पद शेवटी. वापोर्शीपो म्हणजे वाफेवर चालणारं जहाज, शीप्वापोरो म्हणजे जहाजाची वाफ. राजकवी आणि कविराज यांच्यात आपण हाच फरक करतो. उच्चार अडखळत असेल तर मध्ये ‘ओ’ घालायचा : लिहिण्याचं टेबल म्हणजे स्क्रीबोताब्लो. कधी कधी एकच शब्द दोन ठिकाणी तोडता येतो. सुकेरो म्हणजे साखर, पण ‘सुक’ म्हणजे रस आणि ‘एर’ म्हणजे कण असं तोडलं तर रसाचा थेंब. संदर्भ असला की गोंधळ होत नाही, आणि या दुहेरी तोडीवर रचलेली कोडी एस्पेरांतो बोलणाऱ्यांना फार आवडतात.

नव्या वस्तूंची नावं कशी ठेवायची, हा वाद अजून चालू आहे. संगणकाला काही काळ वेगवेगळी रूपं वापरली जात होती, अखेर कोम्पुती म्हणजे गणन करणे यापासून कोम्पुतीलो हे रूप स्थिरावलं. ईमेल म्हणजे रेतपोश्तो, जाळ्यावरचं टपाल. मोबाइल म्हणजे पोश्तेलेफोनो. इथे पोशो म्हणजे खिसा, टपालाचा पोश्तो नव्हे, आणि नवा वाचक हमखास चुकीच्या ठिकाणी तोडतो. दुसऱ्या बाजूला कवींना छंदासाठी आखूड शब्द हवे असतात. ‘मालयुना’ऐवजी ‘ओल्दा’, ‘माल्लोंगा’ऐवजी ‘कुर्ता’ असे शब्द त्यांनी आणले. मोठ्या सचित्र कोशात आज १५ हजारांहून अधिक मुळं आहेत. संयुक्त राष्ट्रांत अनुवादक राहिलेले स्विस मानसशास्त्रज्ञ क्लोद पिरों यांनी १९८९ साली ‘ला बोना लिंग्वो’ या पुस्तकात या वाढीविरुद्ध जीव तोडून लिहिलं. आहेत त्या घटकांतून घडवता येणारा शब्द बाहेरून आणला, की युरोपाबाहेरच्या माणसावर विनाकारण ओझं पडतं, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. कवितेत ‘कुर्ता’ शोभेल, पण पाठ्यपुस्तकात आणि रोजच्या बोलण्यात ‘माल्लोंगा’च असावा, कारण तो शिकायला काहीच पडत नाही.

मुळांची निवड युरोपातल्या भाषांतून झाली, हे नात्यांच्या शब्दांत सगळ्यात जास्त दिसतं. पात्रो म्हणजे वडील आणि त्याला ‘इन’ लावून पात्रीनो म्हणजे आई. आईचं नाव वडिलांवरून का, हा आक्षेप रास्त आहे. पुरुषासाठी ‘इच’ असा प्रत्यय काहीजण वापरू लागले आहेत. मराठी माणसाची अडचण वेगळी. काका आणि मामा दोघंही ओंक्लो. आत्या आणि मावशी दोघीही ओंक्लीनो. ‘बो’ हा उपसर्ग लग्नाने जुळलेलं नातं दाखवतो, पण बोफ्रातो म्हटलं तर दीर की मेहुणा हे कळत नाही, आणि वहिनी, नणंद, मेहुणी या सगळ्या बोफ्रातीनो होतात.

यावर उपाय भाषेतच आहे. फ्रातो म्हणजे भाऊ, फ्रातीनो म्हणजे बहीण. मग वडिलांची बहीण पात्रोफ्रातीनो, आईची बहीण पात्रीन्फ्रातीनो, आईचा भाऊ पात्रीन्फ्रातो. हे शब्द कुठल्या कोशात सापडतीलच असं नाही, पण जपानचा किंवा ब्राझीलचा बोलणारा ते पहिल्यांदा ऐकूनही समजेल. एद्झो म्हणजे नवरा, त्यामुळे नणंद म्हणजे एद्झोफ्रातीनो आणि दीर म्हणजे एद्झोफ्रातो. जावेसाठी मात्र नवऱ्याच्या भावाची बायको एकाच शब्दात बसवायला जाऊ नये. एद्झोफ्रातेद्झीनो नियमाने बरोबर आहे, पण तो ऐकणाऱ्याला मनात तोडून पाहावा लागतो. तिथे सरळ तीन-चार शब्द वापरून ‘माझ्या नवऱ्याच्या भावाची बायको’ असंच म्हणावं.